नऊ वाद्या

जहाजाचं नाव आजीला आठवत नसे.
पाटीवरची अक्षरं ओळखीची होती, म्हणायची, भाषा परकी.
पाय मात्र आठवत.
कप्तानाचा रुंद, बोटं एकमेकांवर चढलेली,
एका अंथरुणात कोंबलेल्या भावंडांसारखी.
डॉक्टरचा, ज्याला गुदगुल्या होत.
आणि स्वयंपाक्याच्या हाताखालचा पोऱ्या,
सोळाचा असेल नसेल,
दगडावर टाच टेकवून उभा, लाजून लाल.
नाव सांगितलं त्यानं, दोनदा.
बोलेट आजीला ते शिंकेसारखं ऐकू आलं.

नऊ माणसं, नऊ वाद्या.
प्रत्येकीवर दोन गाठी,
एक लांबीची, एक घोट्याची.

ताशिउसाकच्या बायकांनी तो ऑगस्ट चावून काढला.
खरंच चावून.
सीलचं कातडं तसंच मऊ होतं,
दातांनी, लाळेनं, जबडा ठणकेपर्यंत.
आजीचे पुढचे दात त्या उन्हाळ्यात हिरड्यांना टेकले.
दोरा नारव्हालच्या पाठीतला.
सुई कातड्यात निम्मीच शिरवायची, आरपार नाही,
म्हणजे भोक पडत नाही
आणि समुद्राला आत यायला वाट सापडत नाही.
पोऱ्या हे बघत बसे, कांदे सोलायचे सोडून.
कप्तान त्याला काहीतरी बोलला आणि सगळे हसले.
त्या हसण्याला दुभाषा लागला नाही.

मोबदला दोन पिशव्या कॉफी, पत्र्याचं एक भांडं,
आणि उरलेलं परतताना, असा सहीचा कागद.
आजोबांनी पुढे त्याची काडतुसांची बुचं केली.

जहाज उत्तरेला गेलं.
दुसऱ्या उन्हाळ्यात व्हेलवाल्यांनी विचारलं, दिसले का?
तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी फक्त सीलच्या कातड्याचा भाव विचारला.

चौथ्या वसंतात आजीचा भाऊ एनोक
अस्वलामागे जात जात अशा टोकाशी पोचला
ज्याला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं,
तिथे खायला काही मिळत नाही म्हणून.
परतला तेव्हा स्लेजवर अर्धं अस्वल होतं
आणि एक जोडा. डावा.

आजीनं वाद्या काढल्या.
पहिली लांब. दुसरी लांब. चौथी घोट्याशी अडली.
सातवी बसली.

मग तिनं जोडा उलटा केला
आणि चरबीच्या दिव्याशी नेला.
वरचा भाग तिचा, टाकान् टाका तिचा,
आत कोंबलेलं गवतसुद्धा कोरडं.
तळवा तिचा नव्हता.
"कुत्र्याचं कातडं," ती म्हणाली. "कुत्री संपवली यांनी."
टाचेपाशी टाके लांडे, वाकडे, थेट आरपार.
तिनं बोट ठेवलं. "इथून पाणी शिरलं."
बोट पुढे सरकलं, टाके जवळ येत गेले,
आणि करंगळीकडे वळताना
सुई निम्म्यातच थांबून परत फिरलेली.
"इथे त्याला आठवलं."
जुन्या तळव्यांची भोकं तिनं नखानं मोजली.
तीनदा बदललेला. म्हणजे दोन हिवाळे, निदान दोन.
अंगठ्याशी दोरा लोंबत होता, गाठ न मारलेला.

एनोकनं विचारलं, मिशनच्या पाद्र्याला कळवायचं का?
आजी म्हणाली, काय कळवणार, टाके?

कॉफी उकळली. त्यांचीच, तळाशी उरलेली.

कातडं कधी वाया घालवत नाहीत आमच्यात.
वरच्या भागाचे माझ्या वडिलांना हातमोजे झाले.
खूप टिकले, म्हणतात.
तळवा त्या रात्री बाहेर राहिला
आणि सकाळपर्यंत कुत्र्यांनी खाल्ला.

मी लहानपणी विचारलं होतं, बाहेर कसा राहिला?
विसरले, म्हणाली,
आणि सुईत दोरा ओवायला लागली.

बोलेट आजी कधी काही बाहेर विसरणाऱ्यातली नव्हती.